वाचन दिसले नाही

त्या वर्षी प्रयोगशाळेत आम्ही दोघंच होतो,
बोदेले सर आणि मी.
आणि मोजपात्रात अंडी घालून गेलेली एक पाल.

सर म्हणाले, मोबाईल तू धर सोमा,
हलू देऊ नको.
एकोणीस वर्षं मी इथली काच धुतली,
एक ब्युरेट फोडली नाही,
पण फोन हातात आला आणि हात कापायला लागला.
सर फोनकडे बघून बोलत होते,
विहिरीत वाकून कुणाला हाक मारावी तसे.
थेंब, थेंब, थेंब,
फ्लास्क फिरवत राहा मुलांनो,
आणि हा बघा, आला गुलाबी.
मुलं कुठं होती.
बेचाळीस स्टुलं उलटी, टेबलांवर, पाय वर करून.

व्हिडिओ गेला मग गावागावांत.
नवरगावला दोन मिनिटांत,
जंगलाच्या बाजूला दोन दिवसांत.
कुणी तलावाच्या पारीवर चढून पाहिला,
कुणी रोवणीच्या बांधीत,
एका कानात सर, दुसऱ्यात मुकादमबाईच्या शिव्या.
कुणाकडे फोन एक, शिकणारे तीन,
धाकट्याचा नंबर पहिला, कारण तो रडायचा.

परीक्षा झाली. चाळीस प्रश्न, एक तास,
गोलात टिंब.
असा निकाल कॉलेजनं आजवर पाहिला नव्हता.
सदतीस जण पहिल्या वर्गात!
गेटवर बॅनर लागला,
फोटो इतके की चेहरे वाटाण्याएवढे.

दहावीच्या गणितानं मला अंगठा दाखवला होता,
म्हणून मी कुणाच्या मार्कांबद्दल बोलत नाही.
मी जर्नलांचे गठ्ठे बांधतो.
बांधता बांधता एक उघडलं, मग दुसरं, मग सगळीच.
ब्युरेटचे वाचन: दहा पूर्णांक दोन.
दहा पूर्णांक दोन.
दहा पूर्णांक दोन.
एकेचाळीस वह्यांत एकच आकडा,
जणू सगळ्या तालुक्यानं मिळून एकच थेंब सोडला.
आणि एका वहीत, निळ्या शाईत,
'वाचन दिसले नाही. मध्ये कुणाचा तरी अंगठा आहे.'
हर्षला नैताम. रसायनशास्त्र, काठावर पास.

मी व्हिडिओ लावला. पुन्हा लावला.
खरंच. सर वाकतात, 'आता आकडा बघा' म्हणतात,
आणि नेमका तिथं
माझा अंगठा,
ॲसिडनं नख खाल्लेला,
पडदाभर.

मग कॉलेज उघडलं.
पहिल्या वर्गातली मुलं टेबलापाशी उभी राहिली,
लग्नात लवकर पोचलेल्या पाहुण्यांसारखी,
कशाला हात लावावा कळेना.
एकानं पिपेट उलटी धरली.
एकानं नळी सोडली ती सोडलीच,
गुलाबी झाला, जांभळा झाला, तरी सोडतच राहिला.
व्हिडिओ आपोआप थांबायचा ना,
तसं हेही थांबेल म्हणून.

ती सगळ्यांत मागं, माझ्या हाताकडे बघत.
'काका, तो अंगठा तुमचाच होय का जी?'
होय बाई, म्हटलं, माझाच.
वाटलं आता चिडेल, हक्कच होता तिचा.
ती म्हणाली, 'मंग आता बाजूले करा.'

पाच वाजून गेले. किल्ल्या माझ्याकडेच असतात.
तीन फ्लास्क वाया गेले, बीटाच्या पाण्यासारखे.
चौथ्या वेळी तिनं श्वास धरला,
नळी केसभर फिरवली,
आणि रंग इतका फिका आला
की पांढऱ्या टाइलवर ठेवला तेव्हा कळला.
गुडघ्यावर बसून तिनं डोळा रेघेशी आणला.
नऊ पूर्णांक सात.

गुणपत्रिकेत त्यानं काही हललं नाही.
बस गेली होती, तिचा भाऊ मोटारसायकल घेऊन आला,
हॉर्न वाजवत राहिला.
मी बाकीची काच धुतली,
तो एक फ्लास्क तसाच ठेवला.

सकाळी बघतो तर पाणीच.
हवेत उडतो तो रंग, सर म्हणाले,
उघडा राहिला की उडतोच.
व्हिडिओत हे नव्हतं.